नवे इअरबड्स घेण्याआधी जुन्यांचे कान साफ करून बघा

मुंब्र्यात रुळांच्या बाजूला घर असेल तर शांतता मागवून आणावी लागते. आमच्याकडे नॉइज कॅन्सलिंग इअरबड्सची जोडी आली ती त्यासाठीच. लेक हिफ्ज करते. आदल्या दिवशीचा सबक कारींच्या आवाजात ऐकायचा, मग स्वतः म्हणायचा. लोकल धडधडत गेली की ती आवाज वाढवायची, आणि गाडी गेल्यावर कमी करायला विसरायची. मोठी हा आणि छोटी हा यांतला फरक गोंगाटात कळत नाही, हे तिचं म्हणणं खरंच होतं.

चार वर्षांत जोडी म्हातारी झाली. डाव्या बाजूचा आवाज दबला, बाहेरचा गोंगाट आत येऊ लागला. घरात एकच सूर : "अब्बू, आता नवीन घ्या." आम्ही निघालोही होतो. दुकानदार भला माणूस निघाला. त्याने जाळीवरचा मळ मऊ कोरड्या ब्रशने काढला, रबरी टिप्स बदलल्या आणि म्हणाला, "आता ऐका." निम्मी तक्रार तिथेच मिटली.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. या इअरबड्समध्ये बाहेर आणि आत बारीक माइक असतात. ते गोंगाट टिपतात, आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते आणि दोन्ही लहरी एकमेकींना खातात. पंखा, एसी, विमान, गाडीची घरघर असे सलग, खर्जातले आवाज यात छान मरतात. हॉर्न, भांड्याचा खणखणाट, शेजाऱ्यांचं बोलणं मात्र बरंचसं येतंच. ते अडवायचं काम टिपचं. टिप कानात घट्ट बसली नाही किंवा जाळी बुजली, तर कितीही महाग चिप असो, उपयोग नाही. वुजूनंतर ओल्या कानात लगेच इअरबड घालणं हेही वाईटच. ओल जाळीत जाते आणि कानालाही त्रास होतो. आधी रुमालाने कान कोरडे करा.

जे साफ करून सुधारत नाही ती बॅटरी. तिळाएवढ्या जागेतली लिथियम-आयन बॅटरी रोज भरून रिकामी होते, दोन-तीन वर्षांत तिचा दम कमी होतो, आणि बहुतेक इअरबड्समध्ये ती घरी बदलता येत नाही. आमची जोडी एक पारा पुरा व्हायच्या आत बंद पडू लागली. तेव्हा मात्र नवीन घेणं इसराफ वाटलं नाही.

मग नव्यात मिळतं काय? अ‍ॅपलचंच उदाहरण घेऊ. एअरपॉड्स प्रोची पहिली पिढी २०१९ ची, दुसरी २०२२ ची, तिसरी २०२५ ची. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे नॉइज कॅन्सलेशन चालू असताना एका चार्जवर पहिली साडेचार तास चालते, दुसरी सहा, तिसरी आठ. पहिलीवरून तिसरीवर उडी मारली तर फरक जाणवेल. दुसरी नीट चालत असेल तर घाई कशाला? अँड्रॉइड फोन असेल तर या जोडीच्या बऱ्याच सोयी वापरताच येत नाहीत, त्यासाठी दुसऱ्या कंपन्या बघाव्यात.

घरात वडीलधारे असतील तर एक गोष्ट खास. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एअरपॉड्स प्रोच्या दुसऱ्या पिढीसाठी श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मंजुरी दिली. पण ते १८ वर्षांवरच्यांसाठी, आणि सौम्य ते मध्यम बहिरेपणापुरतं. दादीला जवळचं बोलणंही ऐकू येत नसेल तर कानाच्या डॉक्टरकडेच न्या.

आमच्या मते बदलण्याचं सगळ्यात मोठं कारण आवाजाची पातळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, तोच ९० वर गेला की फक्त ४ तास. गोंगाट दाबला गेला की मूल स्वतःहून आवाज कमी ठेवतं. लेकीच्या फोनवर आम्ही आवाजाला मर्यादाही लावून ठेवली आहे. दोन दिवस रुसली, मग विसरली.

उलट बाजूही सांगायला हवी. सगळं बंद करून बसलं की अजान कळत नाही, दारावरची बेल कळत नाही. रूळ किंवा रस्ता ओलांडताना तर इअरबड्स काढूनच ठेवावेत. घरात असताना बाहेरचा आवाज आत सोडणारा ट्रान्सपरन्सी मोड लावायचा, हा आमच्याकडचा नियम. नवी जोडी दुकानातच कानात घालून, डोकं हलवून, जबडा उघडून बघा. लहान मुलींच्या कानाला बारीक टिप लागते. आणि जुनी जोडी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. बॅटरी चेपली तर पेट घेऊ शकते, म्हणून ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. आमची अजून कपाटात आहे, या रविवारी नेऊन देणार आहोत.