रिकाम्या तळ्याची कामगिरी

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील शेजारशेजारचे तालुके. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. लोणावळ्यात तो ४००० मिलिमीटरहून अधिक असतो. मग अशा कोरड्या मुलखात पुराची चिंता कशाला, असे तुम्हांला वाटेल.

पण पाऊस वर्षात किती पडतो याइतकेच तो तासात किती पडतो, हेही महत्त्वाचे असते. १४ ऑक्टोबर २०२० रोजी दौंड, बारामती, इंदापूर भागात मुसळधार पाऊस झाला. दौंड तालुक्यात खानोट्याजवळ ओढ्याच्या पुरात चौघे जण वाहून गेले. हा पूर बांधकामांमुळे आला असे नव्हे. पण एरवी कोरडा दिसणारा ओढा किती झपाट्याने भरतो, हे त्यातून कळते. अशा ओढ्यात आपण आणखी पाणी लोटले तर काय होईल?

आता थोडे गणित करू या. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर शेत घ्या. त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी झाले ५०० घनमीटर. यातले सगळे वाहून जात नाही. काही मातीत मुरते, काही ढेकळांत व बांधाआड अडते. पडलेल्या पावसाचा जो हिस्सा वाहून जातो त्याला 'अपधाव गुणांक' म्हणतात. आपल्या शेतासाठी तो ०.३ धरू. म्हणजे १५० घनमीटर पाणी ओढ्याकडे जाईल.

उद्या या शेताचे प्लॉट पडले. पत्र्याच्या शेड, स्लॅबची घरे, डांबरी रस्ते झाले. पत्रा आणि काँक्रीट पाणी मुरू देत नाहीत. गुणांक ०.८ झाला, तर त्याच पावसात ४०० घनमीटर पाणी वाहील. वाढ झाली २५० घनमीटरची, म्हणजे दहा हजार लिटरचे २५ टँकर! ढगांनी एक थेंबही जास्त दिलेला नाही. शिवाय गुळगुळीत गटारांतून हे पाणी लवकर पोहोचते. त्याचा फटका बसतो तो खालच्या अंगाच्या शेताला आणि ओढ्याकाठच्या वस्तीला.

रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. पुणे–अहिल्यानगर आणि पुणे–सोलापूर रस्त्यांच्या कडेला शेतांची घरे होत आहेत. म्हणून हा हिशेब आपल्या दारातलाच आहे.

यावर उपाय काय? भूखंडाच्या सखल कोपऱ्यात एक तळे खोदायचे. सगळी गटारे त्यात सोडायची आणि तळाशी एक लहान नळ ठेवायचा. पाणी येते धो धो, पण बाहेर पडते नळाच्या मापाने. शेत असताना ओढ्याला जितक्या वेगाने पाणी मिळत होते, तितक्याच वेगाने आताही मिळते. २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल तळ्यात आपले २५० घनमीटर पाणी मावते. त्याला लागणारी जागा हेक्टरच्या केवळ दोन टक्के! मात्र तळे भरत असताना, पाण्याची उंची कमी असेपर्यंत, नळातून पाणी संथ जाते. म्हणून प्रत्यक्षात ते थोडे मोठेच बांधावे लागते.

येथे एक घोटाळा टाळायला हवा. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पाऊसपाणी संकलनाची सोय करावी लागते. ही तरतूद चांगलीच आहे. पण साठवणीची टाकी भरलेली असण्यात तिचे यश. तर पूर थोपवणारे तळे पावसाआधी रिकामे असण्यात त्याचे यश! भरलेली टाकी दुसऱ्या सरीला जागा कोठून देणार? सिंगापूरमध्ये २०१४ पासून ०.२ हेक्टर व त्यावरील नव्या बांधकामांना, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सर्वाधिक वेग ठरावीक मर्यादेत ठेवण्याचे बंधन आहे. दोन्ही गोष्टी एकत्रही साधता येतात. मधल्या उंचीवर नळ बसवला, की खालचे पाणी साठते आणि वरची जागा रिकामी राहते.

हे तुम्हांला वर्गातही पाहता येईल. तेलाच्या पाच लिटरच्या डब्याचा वरचा भाग मोठ्यांच्या मदतीने कापा आणि तळाजवळ पेन्सिलीएवढे भोक पाडा. डब्यात तीन लिटर पाणी एकदम ओता. ओतायला किती सेकंद लागले आणि भोकातून बाहेर पडायला किती, ते घड्याळात मोजा. मग भोक बोटाने दाबून डबा काठोकाठ भरा. बोट काढा आणि लगेच पुन्हा तीन लिटर ओता. पाणी काठावरून सांडेल. शेवटी भोकात पालापाचोळा अडकवून पाहा. तळ्याची देखभाल का हवी, ते वेगळे सांगावे लागणार नाही.

पुढच्या पावसात शाळेच्या पत्र्यावरून पडणारे पाणी कोठे जाते, याचाही माग काढा. छपराचे क्षेत्रफळ मोजा, पावसाच्या मिलिमीटरांनी गुणा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. येणारे उत्तर पाहून तुमचे गुरुजीही चकित होतील!