संगणक कक्षातील अपग्रेड

आमच्या निवासी विद्यालयाच्या संगणक कक्षातील सर्व यंत्रांवर डेबियन ही मुक्त कार्यप्रणाली आहे. तिच्यावर सॉफ्टवेअर कसे बसवतात आणि जुने कसे नवे करतात, असे पालक व माजी विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. त्यासाठी हा लेख.

इयन मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियनची घोषणा केली. येथे प्रत्येक सॉफ्टवेअर 'पॅकेज' म्हणून येते आणि ते चालण्यास आणखी कोणती पॅकेजे लागतात, याची नोंद त्याच्यासोबतच असते. 'ॲप्ट' हे साधन ती नोंद वाचून सर्व पॅकेजे भांडारातून मागवते. त्याच्या हाताखालचे 'डीपीकेजी' ती उघडून जागच्या जागी बसवते. भांडाराच्या यादीवर डिजिटल स्वाक्षरी असल्याने वाटेत कोणी फेरफार केला, तर तो पकडला जातो.

नवशिक्यांचा गोंधळ होतो तो दोन आज्ञांत. 'ॲप्ट अपडेट' एकही सॉफ्टवेअर बदलत नाही, केवळ ताजी यादी आणते. त्या यादीप्रमाणे पॅकेजे नवी करण्याचे काम 'ॲप्ट अपग्रेड'चे. आमची मुले हे वसतिगृहाच्या कोठीवरून चटकन समजतात: वहीत लिहिले म्हणून धान्य येत नाही!

एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी अपग्रेड चालू असतानाच वीज गेली. वीज परतल्यावर एका यंत्रावर ॲप्ट काहीच बसवू देईना. सर्व पुसून नव्याने प्रणाली बसवावी, असे आमच्यापैकी काहींचे मत पडले. तसे केले असते, तर त्या यंत्रावरील मुलांचे वर्षभराचे काम गेले असते. वास्तविक उपाय पडद्यावरच लिहिलेला होता. घाबरल्यामुळे तो कोणी वाचला नव्हता. डीपीकेजीला 'कन्फिगर' आणि 'ए' हे पर्याय देऊन ती आज्ञा चालवली, की अर्धवट राहिलेल्या पॅकेजांची मांडणी पूर्ण होते. तशी ती झाली, आणि एकही फाइल गेली नाही.

संपूर्ण आवृत्ती बदलताना मात्र पायरी गाळता येत नाही. १० वरून १२ वर जायचे, तर आधी ११ बसवावी लागते. आपण बदललेल्या मांडणीच्या फाइलीविषयी मध्येच प्रश्न येतो. तेथे काही न सुचवता एंटर दाबले, तर आपली जुनी फाइल कायम राहते.

आता परीक्षेच्या आठवड्यात आम्ही अपग्रेडला हात लावीत नाही. एरवीही आधी मुलांच्या फाइली दुसरीकडे उतरवून घेतो.