कमाटीबागेतला युरोप

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या वस्तुसंग्रहालयात आलेला पाहुणा बहुधा ममी बघतो, 1944 साली मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या देवमाशाचा सांगाडा बघतो आणि खूश होऊन बाहेर पडतो. शेजारचे युरोपीय चित्रांचे दालन राहूनच जाते. महाराजा सयाजीराव गायकवाडांची कामाची रीत समजून घ्यायची, तर हे दालन पाहायलाच हवे.

वस्तुसंग्रहालय 1887चे, रॉबर्ट चिझमने आखलेली त्याची इमारत 1894 साली पुरी झाली. चित्रदालनाचे बांधकाम 1908 ते 1914 या काळात झाले. विलायतेहून चित्रे आणण्याची हौस बऱ्याच संस्थानिकांना होती, पण ती चित्रे राजवाड्याच्या भिंतींवर जात. महाराजांनी दालन रयतेसाठी बांधले आणि चित्रांची निवड जाणत्या माणसावर सोपवली. ग्रंथालयांसाठी अमेरिकेहून बोर्डन हा ग्रंथपाल आणला, तसा चित्रांसाठी लंडनचा मॅरियन स्पीलमन निवडला. ‘मॅगझिन ऑफ आर्ट’चे संपादन त्याने अनेक वर्षे केले होते. दोन-चार बड्या नावांवर पैसा न उधळता इटालियन, डच, फ्लेमिश, फ्रेंच, इंग्रजी अशा शैली इथल्या माणसाला एकाच छपराखाली बघता याव्यात, असा हा संग्रह आहे. पहिल्या महायुद्धामुळे चित्रे यायला उशीर झाला आणि दालन खुले व्हायला 1921 साल उजाडले.

इथे टर्नर, कॉन्स्टेबल ही नावे भेटतात. पण जुन्या युरोपीय चित्राखालचे नाव जरा सबुरीने वाचावे. गुरूच्या कारखान्यात शिष्य रंग भरत, गाजलेल्या चित्रांच्या नकला होत, त्यामुळे चित्र नेमके कोणाचे, हे वाद मोठमोठ्या संग्रहालयांनाही चुकलेले नाहीत. त्यापेक्षा चित्राच्या अंगाला डोळा लावावा. वर्षानुवर्षांत वॉर्निश पिवळे पडते आणि आभाळाची निळाई हिरवट दिसू लागते. कॅनव्हास पावसाळ्यात ओल धरतो, उन्हाळ्यात सुकतो. या ताणाने रंगाच्या थराला बारीक तडे जातात. थंड देशात घडलेल्या तैलचित्रांना बडोद्याची हवा सोसवणे, हे इथले न संपणारे काम आहे.

1950 साली याच शहरात ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि नारायण श्रीधर बेंद्रे तिथे चित्रकला शिकवू लागले. त्या विद्यार्थ्यांना युरोपची अस्सल चित्रे बघायला बोटीचे तिकीट काढावे लागत नव्हते.

बडोद्याला गेलात, तर देवमासा जरूर पाहा. पण तासभर चित्रांसाठी राखून ठेवा.