डोकेदुखीची गोळी

वैशाखातील जबलपूर ज्याने अनुभवले आहे त्याला डोकेदुखी म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. पारा ४३-४४ अंशांना टेकलेला, नर्मदेकडून येणारा वारासुद्धा भट्टीतून निघाल्यासारखा, आणि अशा उन्हातून खमरियाच्या किंवा तोफगाडी कारखान्यातून पाळी संपवून परतणारा कामगार वाटेतल्या औषधाच्या दुकानाशी सायकल थांबवितो व म्हणतो, "डोकेदुखीची एक गोळी द्या." दुकानदार गोळी देतो. ती कशाची, हे तो विचारीत नाही व हा सांगत नाही. इतक्या निर्धास्तपणे आपण बाजारात भाजीदेखील घेत नाही.

ही गोळी पुष्कळदा एक औषध नसते. तिच्यात दोन, तीन, क्वचित चार औषधे एकत्र केलेली असतात. सर्दीच्या गोळीत ताप उतरविणारे पॅरासिटामॉल, शिंका थांबविणारे क्लोरफेनिरामिन व नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन असते. अंगदुखीच्या एका प्रचलित गोळीत आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम व पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असते. डोकेदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉलच्या जोडीला कॅफीन, म्हणजे चहाकॉफीतलेच उत्तेजक द्रव्य घातलेले असते. पाकिटांचे रंग निराळे, नावे निराळी, जाहिराती निराळ्या. परंतु बहुतेकांच्या पोटात पॅरासिटामॉल हा एकच पाहुणा बसलेला असतो.

यातून अनर्थ कसा ओढवतो, हे थोड्या हिशेबाने समजेल. पावसाळ्याच्या अखेरीस एखाद्या गृहस्थांना पडसे, कणकण व कंबरदुखी एकदमच झाली असे समजू. पडशासाठी ते ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी दिवसातून तीनदा घेतात. हे झाले १५०० मिलिग्रॅम. कंबरेसाठी वर सांगितलेली जोडगोळी तीन वेळा. त्यातून आले ९७५. ताप हटत नाही म्हणून ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळी चार वेळा, हे २६००. एकूण बेरीज ५०७५ मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसाने चोवीस तासांत घ्यावयाची पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम मानलेली आहे. या गृहस्थांनी एकही गोळी प्रमाणाबाहेर घेतली नाही, प्रत्येक पाकिटाची आज्ञा अक्षरशः पाळली, आणि तरीही मर्यादा ओलांडली. ते कृश असतील, दोन दिवस उपाशी असतील, किंवा नित्य मद्य घेणारे असतील, तर त्यांची मर्यादा मुळातच याहून पुष्कळ खाली असते.

पॅरासिटामॉल हे वाईट औषध नव्हे. योग्य प्रमाणात त्याच्याइतके निरुपद्रवी वेदनाशामक दुसरे क्वचितच असेल. परंतु यकृतात त्याचे पचन होताना त्याचा अल्पसा भाग एका विषारी पदार्थात रूपांतरित होतो. ग्लुटाथिओन नावाचे द्रव्य यकृताच्या संग्रही असते. ते या विषाला तिथल्या तिथे निष्प्रभ करते. गोळ्या प्रमाणाबाहेर गेल्या की हा संग्रह संपतो आणि विष यकृताच्या पेशींवर उलटते. यातील कपट असे की पहिल्या दिवशी थोडी मळमळ, एखादी उलटी यापलीकडे काही जाणवत नाही; दुसऱ्या दिवशी बरेही वाटू लागते. कावीळ डोळ्यांत दिसेपर्यंत दोनतीन दिवस निघून गेलेले असतात. यावर अॅसिटिलसिस्टीन हा खरा उतारा आहे. परंतु एकदम पुष्कळ गोळ्या पोटात गेल्या असतील तर तो पहिल्या आठ तासांत मिळाल्यास रामबाण, पुढे त्याचा गुण घटत जातो. म्हणून अशा प्रसंगी लक्षणांची वाट पाहणे म्हणजे वेळ दवडणे होय. रोग्याबरोबर घरातली रिकामी पाकिटेसुद्धा इस्पितळात न्यावीत. डॉक्टरांना त्यांच्यावरूनच बेरीज करता येते.

औषधांची अशी मोट बांधण्याची हौस जुनी आहे. एकेकाळी ए.पी.सी. ही तीन अक्षरे लष्करी इस्पितळांपासून साध्या दवाखान्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी होती. अॅस्पिरिन, फेनासेटिन व कॅफीन यांची ती एकत्रित गोळी. तिच्यातील फेनासेटिन १८८७ पासून प्रचारात होते व ते निर्धोक समजले जाई. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी असे दाखविले की वर्षानुवर्षे अशी मिश्रणे घेणाऱ्यांची मूत्रपिंडे झिजत जातात. स्वीडनमधील हुस्कवर्ना या कारखान्यांच्या गावी तर कामगार अशी पूड कामाचा हुरूप टिकविण्यासाठी रोज घेत. तेथेही तोच प्रकार आढळला. पुढे एकेका देशाने फेनासेटिन बाजारातून काढून टाकले. अमेरिकेत हे १९८३ साली घडले. गंमत अशी की फेनासेटिनचा गुण मुळात त्याचा नव्हताच. शरीरात गेल्यावर त्याचे पॅरासिटामॉल होते व वेदना तेच शमविते, हे ब्रॉडी व अॅक्सेलरॉड यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीसच सिद्ध केले होते. म्हणजे लोक इतकी वर्षे गुणासाठी एक द्रव्य घेत होते आणि त्याच्याबरोबर दुसऱ्याचा दोष विकत घेत होते.

जोडगोळीतले दुसरे औषध आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅक असेल, तर विचार आणखी निराळा. ही औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची उत्पत्ती रोखून वेदना व सूज कमी करतात. अॅस्पिरिनचे हे मर्म जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडले. परंतु तीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि शरीरातील पाणी घटले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. म्हणूनच रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीने जठरात व्रण होतो, आणि घामाने शोषलेल्या माणसाने भर उन्हाळ्यात ती घेतली तर मूत्रपिंडावर घाला पडतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या व लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांना हा धोका विशेष आहे. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. डेंग्यूच्या दिवसांत तापावर आयबुप्रोफेन वा अॅस्पिरिन घेणे तर रक्तस्रावाला आमंत्रण देणे होय. ताप कशाचा हे ठरेपर्यंत नुसते पॅरासिटामॉल बरे. मूत्रपिंडावरचा हा परिणाम किती प्रखर असू शकतो, याची साक्ष आपल्या गिधाडांनी दिली. डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावरांची प्रेते खाऊन ती मूत्रपिंडे निकामी होऊन लाखोंनी मेली, आणि २००६ साली भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, हे खरे. पण इशारा समजण्यास तेवढे पुरे.

तिसरे द्रव्य कॅफीन. ते वेदनाशामकाला जोर देते, परंतु सवयही लावते. संयुक्त वेदनाशामक गोळी महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, याप्रमाणे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास गोळीच डोकेदुखीचे कारण होऊन बसते. गोळी उतरली की डोके दुखते, डोके दुखले की गोळी घेतली जाते. कित्येक गृहिणींची "जुनी अर्धशिशी" वस्तुतः या फेऱ्यातली असते, आणि ती सुटण्यास आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी सोडावी लागते.

कायदा काय करतो? १९४० च्या औषध कायद्याखालील नियमांप्रमाणे अॅस्पिरिन व पॅरासिटामॉल यांच्या साध्या गोळ्या हजाराहून कमी वस्तीच्या खेड्यात परवान्यावाचूनही विकता येतात. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक व निमेसुलाइड यांना मात्र डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठी लागते हे कागदावर. काउंटरवर किती लागते हे ज्याचे त्याला माहीत आहे. संयुक्त औषधांच्या बाबतीत सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी घातली. त्यात नावाजलेल्या सॅरिडॉनचेही मिश्रण होते, पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विक्रीस मोकळीक दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे बंद झाली. कोणते मिश्रण योग्य यावर तज्ज्ञ व न्यायालये वर्षानुवर्षे खल करीत असताना ग्राहकाने मात्र ते क्षणात ठरवावे, अशी आपली व्यवस्था आहे.

मुलांच्या बाबतीत तर या निष्काळजीपणाला क्षमाच नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागात सर्दीखोकल्याच्या एका पातळ औषधाने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. अनेकांना उपचारासाठी नागपुरास हलविले होते. ते औषध जबलपूरच्या घाऊक बाजारातूनच तिकडे गेले होते. तेथे घात केला तो डायएथिलीन ग्लायकॉल या विषाने, ज्याचे प्रमाण औषधात जवळजवळ निम्मे भरले. तो दोष मिश्रणाचा नसून बनावटीचा होता. परंतु हेही विसरता येत नाही की क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. व्हायरल तापात मुलांना अॅस्पिरिन देणेही वर्ज्य आहे. त्यातून मेंदू व यकृत यांचा घातक विकार उद्भवू शकतो.

आणि शुद्ध, निर्दोष औषधातही एक सापळा असतो. तान्ह्या मुलांच्या पॅरासिटामॉल थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या पातळ औषधात ५ मिलिलिटरच्या चमच्यात १२५ मिलिग्रॅम. रात्री दोन वाजता तापलेल्या लेकराला घेऊन बसलेल्या आईने थेंबांची बाटली चमच्याने पाजली, तर मुलाच्या पोटात चौपट औषध जाते. ते अक्षर बारीक असते. दिवा लावून वाचावे लागते.