नव्या घड्याळांतील उणें

गेल्या दिवाळींत माझ्या मुलानें मला एक भारी स्विस घड्याळ भेट दिलें. त्यासाठीं त्यानें वर्षभर पैसे सांठविले होते, हें मला सूनबाईंकडून मागाहून कळलें. पहिले दोन दिवस आनंदांत गेले. तिसऱ्या दिवशीं मीं भिंग हातीं घेतलें, आणि तेथेंच माझें चुकलें. सातच्या आंकड्याजवळ कांचेखालीं धुळीचा एक कण दिसला. तारखेचा आंकडा आपल्या खिडकींत किंचित् खालीं बसलेला आढळला. आणि मोबाईलशीं ताडून पाहतां घड्याळ दिवसाला पांच सेकंद पुढें जातें, असें ध्यानांत आलें. एवढे पैसे मोजून हें कां सोसावें, या विचारानें मला झोंप येईना. आणि मुलाला सांगावें, तर त्याच्या उत्साहावर विरजण पडायचें!

वेळेचा दोष आधीं घेऊं. कारण तो दोष आहे काय, हेंच प्रथम पाहिलें पाहिजे. किल्लीच्या घड्याळाचा प्राण म्हणजे केसासारख्या बारीक कमानीच्या ओढीनें मागेंपुढें झोके घेणारें एक चिमुकलें चाक. आजच्या पुष्कळ घड्याळांत तें ताशीं २८,८००, म्हणजे सेकंदाला आठ झोके घेतें. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांत पांचांची चूक म्हणजे १७,२८० सेकंदांमागें एका सेकंदाची. स्वित्झर्लंडमध्यें क्रोनोमीटर तपासणारी ‘कॉस्क’ नांवाची संस्था आहे. तिची परीक्षा कडक समजली जाते. तेथें घड्याळाचें यंत्र पंधरा दिवस, पांच निरनिराळ्या स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश उष्णमानांत तपासतात. आणि नेहमींच्या आकाराच्या यंत्राला सरासरीनें दिवसास चार सेकंद मागें ते सहा सेकंद पुढें, एवढी मोकळीक ठेवलेली आहे. स्वस्तांतलें क्वार्ट्झ घड्याळ याहून पुष्कळ बिनचूक चालतें, हें खरेंच. १९६९ सालीं सीकोनें पहिलें क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारांत आणलें, तेव्हांपासून ही शर्यत संपल्यासारखीच आहे. केवळ अचूक वेळेसाठीं जो किल्लीचें घड्याळ घेईल, त्यानें दुकान चुकलें म्हणावयाचें.

शिवाय घड्याळ ठेवण्याच्या रीतीनेंहि त्याची गति बदलते. तें उताणें असतां त्या चाकाचा आंस टोंकावर टेकतो व घर्षण कमी होतें. कडेवर उभें असतां आंसाची बाजू घांसते आणि झोका थोडा आखडतो. म्हणून रात्रीं कधीं उताणें, कधीं कडेवर ठेवून, आपलें घड्याळ कोणत्या स्थितींत मागें पडतें तें पाहावें. दिवसा पुढें गेलेले सेकंद रात्रीं परत मिळवितां येतात.

आतां तो कण. तो काढण्यास घड्याळ उघडावें लागतें, आणि कित्येकदां कांटे व तबकडीहि सोडवावी लागते. त्यांत दुसरा कण शिरण्याचा, कांट्याला ओरखडा उमटण्याचा धोका असतो. पुन्हां बंद करतांना पाणी अडविणारी रबरी कडी तपासून, जरूर तर बदलून, घड्याळ पाण्याच्या दाबाच्या कसोटीला लावावें लागतें. हाताच्या अंतरावरून जो दिसत नाहीं, त्यासाठीं एवढा खटाटोप करूं नये, असें माझें मत झालें. तारखेच्या आंकड्याचेंहि तसेंच.

मात्र कांहीं गोष्टी मुळींच सोसूं नयेत. कांचेखालीं बाष्प धरलें, कांटे एकमेकांस घांसूं लागले, किंवा घड्याळ मध्येंच थांबूं लागलें, तर हमीची मुदत असतांनाच तें दुकानदाराकडे न्यावें. घड्याळ एकाएकीं दिवसाला कित्येक मिनिटें पुढें धांवूं लागलें, तर बहुधा लोहचुंबकाचा परिणाम असतो. मोबाईलच्या वेष्टणांत व ध्वनिवर्धकांत चुंबक असतात. त्यानें कमानीचे वेढे एकमेकांस चिकटतात. हा उपद्रव घड्याळजी कांहीं क्षणांत दूर करूं शकतो.

माझें घड्याळ रात्रीं कडेवर ठेवलें असतां मागें पडतें, असें आढळलें. हल्लीं तें तसेंच ठेवतों. परवां मुलानें विचारलें, “बाबा, घड्याळ असें कां ठेवतां?” तेव्हां मात्र मीं त्याला सर्व सांगून टाकलें. त्यानें भिंग मागून घेतलें, बराच वेळ तबकडी न्याहाळली, आणि म्हणाला, “कण आहे कुठें?” मीं भिंग घेतलें. मलाहि तो चटकन् सांपडला नाहीं.