वेबचे अंतरंग – ९ : न दिसणारे रकाने

वेबपानावरच्या फॉर्ममध्ये नाव, पत्ता, रक्कम असे भरायचे रकाने असतात. त्यांच्याच रांगेत आणखी काही रकाने बसलेले असतात. ते ब्राउझर पडद्यावर काढतच नाही. इनपुट टॅगचा प्रकार 'हिडन' असा दिला की असा रकाना तयार होतो. त्याला नाव आणि मूल्य एवढेच लागते. सबमिटचे बटण दाबले की भरलेल्या माहितीबरोबर हे मूल्यही निमूटपणे सर्व्हरकडे जाते. टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनोली यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरएफसी १८६६ या दस्तऐवजात, म्हणजे एचटीएमएल २.० मध्ये, हा प्रकार नोंदलेला आहे. त्याचे काम आजही तेच आहे.

त्याची गरज एचटीटीपीच्या स्वभावातून निर्माण होते. तिथे प्रत्येक विनंती सुटी असते. सर्व्हरने उत्तर दिले की त्याच्या लेखी विषय संपला. तिकीट काढताना पहिल्या पानावर गाडी, दुसऱ्यावर प्रवासी आणि तिसऱ्यावर पैसे अशी कामाची विभागणी असेल, तर तिसऱ्या विनंतीचा पहिलीशी संबंध सर्व्हरला आपोआप कळत नाही. यावर उपाय दोन, आणि दोन्ही वाण्याच्या उधारीत सापडतात. वही दुकानात ठेवायची, किंवा गिऱ्हाइकाच्या हाती देऊन दर खेपेला ती घेऊन यायला सांगायचे. पहिल्या व्यवस्थेला सेशन म्हणतात : माहिती सर्व्हरवर राहते आणि ब्राउझरकडे कुकीमध्ये फक्त एक खूणक्रमांक असतो. दुसऱ्या व्यवस्थेत माहितीच न दिसणाऱ्या रकान्यांत भरून पानासोबत पाठवली जाते. वही गिऱ्हाइकाकडे असली की दुकानातली जागा वाचते, पण आकडा खोडायची सोयही त्यालाच मिळते. या विषयातला बहुतेक गुंता इथूनच सुरू होतो.

हा गुंता एका प्रत्यक्ष व्यवस्थेत पाहू. बेंगळुरूच्या पूर्वेला, व्हाइटफील्डच्या एक्स्पोर्ट प्रमोशन इंडस्ट्रियल पार्कमध्ये सॅप लॅब्ज इंडियाचे मोठे आवार आहे. कंपन्यांच्या कारभाराची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या, जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या सॅप कंपनीची ही संशोधन-विकास शाखा १९९८ मध्ये स्थापन झाली. व्हाइटफील्डच्या परिसरात संगणक कंपन्यांची दाटी आहे आणि पुणे, कोल्हापूर, बेळगावकडून नोकरीसाठी गेलेल्या मराठी अभियंत्यांना सॅपच्या पडद्यांची दुरुस्ती काही नवीन नाही. या पडद्यांत बिझनेस सर्व्हर पेजेस, बोलण्यात 'बीएसपी', ही एक जुनी जात आहे. वेब ॲप्लिकेशन सर्व्हर ६.१० बरोबर ती आली. पान सर्व्हरवर घडते, ब्राउझरला तयार एचटीएमएल मिळते. सर्व्हर-साइड पद्धतीतले माहिती कुठे ठेवायची हे दुखणे इथे स्वच्छ दिसते, कारण बीएसपीमध्ये प्रत्येक ॲप्लिकेशन 'स्टेटफुल' ठेवायचे की 'स्टेटलेस', हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.

स्टेटफुल ठेवले तर प्रत्येक वापरकर्त्यामागे सर्व्हरवर स्मृतीचा एक तुकडा अडकून राहतो. खिडकी उघडी टाकून कर्मचारी जेवायला गेला, तरी वेळमर्यादा संपेपर्यंत तो तुकडा सुटत नाही. स्टेटलेसमध्ये प्रत्येक उत्तरानंतर सगळे मोकळे होते, म्हणून तेवढ्याच यंत्रावर कितीतरी जास्त लोकांचे काम निभावते. मग रजेच्या अर्जाच्या पहिल्या पानावर निवडलेल्या तारखा दुसऱ्या पानावर कारण लिहीपर्यंत टिकवायच्या कशा? एक वाट डेटाबेसच्या तक्त्यात ठेवायच्या 'सर्व्हर-साइड कुकी'ची आहे. दुसरी आणि सोपी वाट म्हणजे दुसरे पान घडवतानाच त्या तारखा न दिसणाऱ्या रकान्यांत लिहायच्या. पुढच्या विनंतीत 'गेट फॉर्म फील्ड' ही मेथड त्या परत वाचून देते.

या सोप्या वाटेचा एक गुण फारसा कुणी मोजत नाही. तोच अर्ज दोन टॅबमध्ये उघडला, तर सेशनमधली एकच जागा दोघांना वापरावी लागते आणि एका टॅबमधल्या तारखा दुसऱ्यात शिरतात. रकान्यांत माहिती असली की प्रत्येक टॅब आपापली शिदोरी बाळगतो. मागे जाण्याचे बटण दाबले तरी घोटाळा होत नाही. बहुपानी अर्जांसाठी सेशनच उत्तम, हे सरसकट दिले जाणारे उत्तर त्यामुळे तपासून घ्यावे लागते.

या पद्धतीची किंमत आकाराच्या रूपात मोजावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या २००२ मधल्या एएसपी डॉट नेटने पानाची जवळजवळ सगळी स्थिती 'व्ह्यूस्टेट' नावाच्या एकाच रकान्यात कोंबली. मोठा तक्ता असलेल्या पानावर त्या रकान्याचा मजकूर दिसणाऱ्या मजकुरापेक्षाही फुगायचा आणि बटणाच्या प्रत्येक दाबाला तो सगळा वर पाठवावा लागायचा.

खरा धोका मात्र वेगळा आहे. न दिसणारा रकाना पानाच्या स्रोतात उघडाच असतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये तो कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. ब्राउझर वगळून हवी ती विनंती हाताने लिहूनही पाठवता येते. ही गोष्ट ठाऊक असूनही किती दुकाने फसली, याचा दाखला फेब्रुवारी २००० मधला आहे. इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या कंपनीने तेव्हा एक सूचना काढली आणि वेबवरच्या खरेदीसाठी विकल्या जाणाऱ्या ११ 'शॉपिंग कार्ट' प्रणालींमध्ये वस्तूची किंमत फॉर्ममधून बदलता येते, हे दाखवून दिले. किंमत न दिसणाऱ्या रकान्यात होती आणि सर्व्हर तीच खरी धरत होता. दोषांच्या सीडब्ल्यूई या यादीत या चुकीला ४७२ हा स्वतंत्र क्रमांक आहे : बदलणार नाही असे गृहीत धरलेली, पण बाहेरून बदलता येणारी मूल्ये.

याच चुकीची दुसरी बाजू म्हणजे फॉर्ममध्ये नसलेला रकाना वापरकर्त्याने स्वतः घालणे. आलेल्या नावांशी जुळणारे गुणधर्म आपोआप भरून घेण्याची सोय वेबच्या बऱ्याच चौकटींमध्ये (फ्रेमवर्कमध्ये) असते. बीएसपीमध्ये पानाच्या गुणधर्माला 'ऑटो' अशी खूण केली की त्याच नावाचे आलेले मूल्य त्यात जाऊन बसते. रुबी ऑन रेल्स या चौकटीतल्या अशाच सोयीमुळे मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव्ह या रशियन प्रोग्रॅमरने गिटहब या प्रोग्रॅम साठवण्याच्या साइटवर आपली प्रवेशकिल्ली थेट रेल्स प्रकल्पाच्या खात्याला जोडून दाखवली. किल्ली भरण्याच्या फॉर्ममध्ये त्याने वापरकर्त्याच्या क्रमांकाचा एक जादा रकाना घातला होता, इतकेच. त्यावरून शिकायचे ते असे की कोणती नावे स्वीकारायची, याची यादी सर्व्हरवर लिहिलेली असावी.

मग या रकान्यात काय ठेवावे? वस्तूचा क्रमांक ठेवावा, किंमत डेटाबेसमधून काढावी. अर्जाचा क्रमांक ठेवावा, पण तो अर्ज पाठवणाऱ्याचाच आहे का, हे प्रत्येक वेळी तपासावे. नोंदीचा आवृत्तिक्रमांक हे तर या रकान्याचे उत्तम काम. दोन कारकुनांनी एकच खरेदी-आदेश उघडला आणि पहिल्याने बदल साठवला, तर दुसऱ्याच्या फॉर्ममधला आवृत्तिक्रमांक शिळा ठरतो. सर्व्हर त्याचा बदल अडवतो आणि पहिल्याचे काम पुसले जात नाही. हा क्रमांक कुणी मुद्दाम बदलला, तरी त्या नोंदीवर त्याला मुळात जो अधिकार आहे, त्यापलीकडे काही त्याच्या हाती लागत नाही.

काही वेळा मात्र रक्कम ब्राउझरमार्गेच न्यावी लागते. वीजबिल किंवा शाळेची फी ऑनलाइन भरताना 'कृपया पान रिफ्रेश करू नका' असे सांगणारे एक पान क्षणभर चमकून जाते. ते पान म्हणजे सहसा न दिसणाऱ्या रकान्यांचा फॉर्म असतो. छोटी स्क्रिप्ट तो स्वतःच सबमिट करते. दुकानाचा सर्व्हर एकीकडे, पेमेंट गेटवे दुसरीकडे, आणि ब्राउझर दोघांमधला निरोप्या. मुंबईच्या सीसी ॲव्हेन्यू या गेटवेच्या प्रचलित पद्धतीत सगळी मागणी व्यापाऱ्याच्या गुप्त किल्लीने कूटबद्ध होऊन 'एन्क-रिक्वेस्ट' या एकाच रकान्यात जाते. पेयू या दुसऱ्या गेटवेमध्ये रक्कम, व्यवहारक्रमांक वगैरे उघडे असतात. पण सोबत गुप्त 'सॉल्ट' मिसळून काढलेला एसएचए-५१२ हॅश जातो. रक्कम एका रुपयाने जरी बदलली, तरी हॅश जुळत नाही. परत येणारे उत्तरही ब्राउझरच्याच हातून येते, हे नवखे लिहिणारे विसरतात. तिथला हॅश तपासून आलेली रक्कम मूळ मागणीशी ताडून पाहिली नाही, तर पुढची सगळी मेहनत फुकट. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. त्यानंतर कार्ड देणाऱ्या बँकेच्या पानाकडे जाण्या-येण्यासाठी 'पीए-रेक', 'एमडी' आणि 'टर्म-यूआरएल' या तीन न दिसणाऱ्या रकान्यांनी भारतात उदंड प्रवास केला.

हॅशसारखी सही सोबत असली तरी तिचा सगळा भार गुप्त किल्लीवर असतो. व्ह्यूस्टेटलाही अशी सही असते. पण जुलै २०२५ मध्ये हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट सर्व्हरांवरून नेमकी ती किल्ली चोरली आणि तिच्या आधारे बनावट व्ह्यूस्टेट घडवून सर्व्हरवर आपल्याला हवी ती आज्ञा चालवली. दुरुस्ती बसवल्यावर किल्ल्याही बदला, असे मायक्रोसॉफ्टला वेगळे सांगावे लागले.

सीएसआरएफ, म्हणजे परक्या साइटकरवी पाठवलेली खोटी विनंती, अडवणाऱ्या टोकनचे गणित याहून निराळे. वापरकर्ता बँकेत लॉग-इन असताना दुसऱ्याच एखाद्या साइटने त्याच्या ब्राउझरकरवी बँकेला फॉर्म पाठवला, तर जुन्या पद्धतीची कुकी आपोआप सोबत जाते. म्हणून सर्व्हर फॉर्ममध्ये एक अंदाज न बांधता येणारे मूल्य ठेवतो : जॅंगो या चौकटीत 'सीएसआरएफ-मिडलवेअर-टोकन', रेल्समध्ये 'ऑथेंटिसिटी-टोकन'. हे मूल्य वापरकर्त्याने पाहिले तरी बिघडत नाही. परक्या साइटला ते वाचता येऊ नये एवढेच हवे असते, आणि ब्राउझरचा समान-उगम नियम ती काळजी घेतो. एचटीएमएल फॉर्मला गेट आणि पोस्ट एवढ्याच रीती येत असल्याने रेल्स व लाराव्हेल या चौकटी 'मेथड' नावाच्या अशाच रकान्यातून 'डिलीट'चा निरोपही धाडतात.

उरल्या बारीकसारीक गोष्टी. रकान्यात मूल्य लिहिताना अवतरणचिन्हे आणि कोनी कंस सुरक्षित रूपात बदलावेत, नाहीतर मूल्यातूनच पानात स्क्रिप्ट घुसते. 'रिक्वायर्ड' हा नियम या रकान्याला लागू होत नाही, म्हणून तो रिकामा आला की नाही हे सर्व्हरनेच पाहावे. स्क्रिप्टने बदललेले मूल्य रीसेट बटणाने पूर्ववत होत नाही. आणि 'डिसेबल्ड' केलेला रकाना, न दिसणारा असला तरी, सर्व्हरकडे पाठवलाच जात नाही.