मुलांचा खेळ आणि दूरचे प्रेक्षक

गोव्याच्या गावोगावच्या मैदानांवर अलीकडे एक नवी वस्तू दिसू लागली आहे. शाळांचा फुटबॉल सामना असो वा कुमारांची क्रिकेट स्पर्धा असो, मध्यरेषेसमोर एक तिपाई उभी असते, तिच्यावर मोबाईल बसवलेला असतो आणि शेजारी छत्री धरून एखादे शिक्षक किंवा पालक उभे असतात. आखातात नोकरीला असलेल्या वडिलांना, बोटीवरच्या मामाला, पुण्यात शिकणाऱ्या बहिणीला सामना चालू असतानाच त्याचे चित्र दिसत असते. 1982 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने या देशात रंगीत दूरदर्शन आले, तेव्हा मैदानावरून थेट प्रक्षेपण करावयाचे तर यंत्रांनी भरलेली गाडी आणि तंत्रज्ञांचा ताफा लागत असे. आज ते काम खिशातले यंत्र करते. 2012 साली राज्य शासनाने फुटबॉलला गोव्याच्या राज्य क्रीडाप्रकाराचा मान दिला खरा; पण शालेय सामन्यांचे प्रेक्षक म्हणजे बहुधा दोन्ही संघांचे राखीव खेळाडू आणि दोन-चार शिक्षक, हीच रीत होती. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या एखाद्या मुलीचा खेळ आता मडगावात बसलेल्या प्रशिक्षकाच्याही नजरेस पडू शकतो. या प्रथेचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

हे काम दिसते तितके सोपे मात्र नाही. मोबाईलचे भिंग जवळच्या माणसाला उत्तम टिपते. पलीकडच्या गोलाजवळची झुंज मोठी करून दाखवू जावे तर चित्र फुटते. म्हणून जाणते लोक दूरचे जवळ आणणारा स्वतंत्र कॅमेरा आणतात आणि ‘कॅप्चर कार्ड’ नावाच्या डबीतून तो संगणकास जोडतात. उन्हात ठेवलेला मोबाईल तापून ऐन वेळी बंद पडतो, पावसाळ्यात भिंगावर थेंब साचतात. बऱ्यापैकी चित्र पाठवण्यास सेकंदाला चार-पाच मेगाबिटांचा वेग लागतो, आणि तोही वर पाठवण्याचा. चित्रपट उतरवून घेण्याचा वेग भरपूर असून येथे भागत नाही, हे पुष्कळांना सामना सुरू झाल्यावर कळते. सत्तरीच्या आतल्या गावांत तर मोबाईलला तेवढी रेंज मिळणे हाच मोठा प्रश्न. शिवाय ‘थेट’ म्हटलेले हे चित्र अनेकदा दहा-वीस सेकंद उशिराच पोहोचते. बोटीवरच्या मामाला गोल झाल्याची बातमी आधी फोनवर कळते आणि गोल नंतर दिसतो!

चेंडूचा माग आपणहून काढणारे कॅमेरेही आता मिळतात. त्यांवर किती विसंबावे, याचा एक मासला सांगण्याजोगा आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये स्कॉटलंडमधील इन्व्हरनेस येथे अशा कॅमेऱ्याने रेषापंचाच्या टकलालाच चेंडू मानले आणि घरी बसलेल्या प्रेक्षकांना खेळाऐवजी वारंवार त्याच गृहस्थांचे दर्शन घडवले. यंत्रावर लक्ष ठेवण्यास जाणते माणूस हवेच.

आमची खरी चिंता मात्र यंत्राची नाही. ती त्या मुलांची आहे. बारा वर्षांच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटतो, तो रडतो, सवंगडी पाठीवर हात ठेवतात, आणि दुसऱ्या सामन्यापर्यंत गोष्ट विरून जाते. खेळात चुका करूनच मूल शिकते आणि त्या चुका विसरल्या जाव्यात यावर त्याचा हक्क आहे. कॅमेरा विसरत नाही. तेवढाच तुकडा कापून, त्यावर हास्याचा आवाज चढवून कोणी तो गावभर फिरवला तर त्या मुलाने पुन्हा गोलात उभे कसे राहावे? मुलींच्या सामन्यांचे तुकडे कोणत्या हेतूने कापले जातात, याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. त्यातच समालोचन करणारे हौशी गृहस्थ खेळाडूचे पूर्ण नाव, इयत्ता, वाडा, सगळे उत्साहाने सांगून मोकळे होतात. ते घरच्यांना ठाऊक असते. परक्यांना ते कळवण्याचे कारण काय?

परके कोण असतात, याचाही अंदाज असावा. जुलै 2022 मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील मोलीपूर येथे पोलिसांनी एक टोळी पकडली. शेतमजुरांना संघांचे गणवेश चढवून, शेतातल्या खेळपट्टीवर काही कॅमेरे लावून, ती खोटी ‘प्रीमियर लीग’ यूट्यूबवरून दाखवत होती आणि रशियातील माणसे त्यावर पैसे लावत होती. शेतातल्या खेळावर परदेशातून सट्टा लागू शकतो, तर आपल्या कुमारांच्या सामन्याकडे अशी नजर वळणारच नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगावे?

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीचे तत्त्व घातले. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. वडिलांनी घरच्यांसाठी काढलेले चित्रण त्याच्या कक्षेबाहेर आहे, परंतु शाळा किंवा संघटना जगाला दाखवते ते घरगुती नव्हे. यूट्यूबनेही जुलै 2025 पासून स्वतः थेट प्रक्षेपण करणाऱ्याचे किमान वय 13 वरून 16 केले. म्हणजे नववीतल्या एखाद्या हुशार मुलाच्या खात्यावर काम उरकण्याची सोय आता धरू नये. खाते शाळेचे आणि जबाबदारी शिक्षकांची असावी.

काही मंडळी यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यांना बंदीच सुचवतात. ती आम्हांस मान्य नाही. दूर असलेल्या बापाला मुलाचा खेळ पाहू न देण्यात कोणते संरक्षण आहे? शाळेने निमंत्रितांनाच दिसेल असे प्रक्षेपण करावे, प्रतिक्रियांची खिडकी बंद ठेवावी, मुलांचा उल्लेख पहिल्या नावाने किंवा पाठीवरच्या क्रमांकाने करावा, आणि हंगाम संपला की चित्रफीत पालकांच्या स्वाधीन करून यूट्यूबवरून काढून टाकावी. यास पैसा लागत नाही.

आंतरशालेय स्पर्धांसाठी प्रत्येक खेळाडूचा प्रवेश अर्ज भरून घेतला जातोच. क्रीडा खात्याने त्याच कागदावर पालकांच्या संमतीची एक ओळ छापावी आणि ज्यांनी नकार दिला त्यांच्या मुलास संघातून वगळता येणार नाही, असेही खाली नमूद करावे. येत्या हंगामाचे अर्ज छापखान्यात जाण्यापूर्वी हे व्हावे.